रांजणाचा अर्धा तास

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. मुळशीच्या खोऱ्यात माझ्या नोकरीची पाच-सहा वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात ते नाव लोकांनी माझ्यासमोर इतक्या वेळा आणि इतक्या मायेने घेतलं की आधी मला त्याचा कंटाळा आला, मग राग आला, आणि त्यानंतर जे आलं त्याला सरळ हेवा म्हणतात. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणत असे, कारण तो माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा होता. मनात मात्र ‘अरे’च. लिहितानाही तेच ठेवतो. या वयात खोटं सौजन्य कशाला?

मी पुण्याहून सॅनिटरी इन्स्पेक्टरची परीक्षा पास होऊन पौडला आलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, मनगटावर सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ आणि पिशवीत सरकारी पुस्तक. हा माझ्या हाताखाली. चौथी शिकलेला, नांदे गावचा शेतकरी. घरची जमीन भावाच्या हवाली करून विहिरींत पावडर टाकायच्या नोकरीत शिरलेला. पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्या संगतीने त्याच्या खाकी कोटावर पांढरे ठिपके पडले होते, आणि तो एसटीत चढला की पुढच्या बाकावरची माणसं न वळता म्हणायची, “या, बसा हितं.” वासावरून ओळखायची. मी त्याच गाडीत रोज चढत होतो. मला कंडक्टर तिकीट विचारायचा, बस्स.

त्याचं एक खूळ होतं. पाणी चाखायचं. कोटाच्या खिशात कल्हई केलेला एक लहानसा गडू असायचा. कुठल्याही गावात गेला की आधी पाणी गडूत घ्यायचा, तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा आणि मग काहीतरी निकाल द्यायचा. “ह्ये कालचं पानी हाय.” “ह्येच्यात पाला कुजतोय.” “ह्ये पानी रुसलंय, वरनं कुनीतरी म्हशी घातल्यात.” आणि वर जाऊन बघावं तर खरोखरच म्हशी.

कचेरीतल्या लोकांनी एकदा त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. पाच पेल्यांत पाच ठिकाणचं पाणी. पौडच्या आडाचं, नदीचं, धरणाचं, बावधनहून आलेल्या एका कारकुनाने बाटलीतून आणलेलं, आणि पाचवं माझ्या घरचं, उकळून, दुहेरी फडक्यातून गाळलेलं. त्याने चार पेले बिनचूक ओळखले. पाचवा तोंडात घोळवला, पुन्हा घोळवला, आणि म्हणाला, “ह्ये साहेबांच्या घरचं. ह्येला कायबी चव न्हाई.” कचेरी दोन मिनिटं हसत होती. मीही हसलो. घरी जाऊन बायकोला म्हणालो, पाणी जरा कमी उकळत जा. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तिला म्हणालो, नको, राहू दे.

पावडरीला तो ‘सूनबाई’ म्हणायचा. त्याचं म्हणणं असं की, नवी सून घरात कशी हळूच वावरते, पहिल्या आठवड्यात तिचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, तशी पावडर गावात यायला हवी. पुस्तकातलं प्रमाण तो पहिल्या दिवसापासून कधीच टाकत नसे. आधी तिसरा हिस्सा. मग बायकांना विचारायचं, “वास आला का गं?” नाही म्हणाल्या की निम्मं. पुन्हा विचारायचं. तीन आठवड्यांनी पूर्ण. पटकीच्या दिवसांत तिसऱ्या हिश्शाने जंतू मरतात का, हा माझा प्रश्न चुकीचा नव्हता. आजही मी तो प्रश्न विचारीन. पण त्याच्या गावांत तीन आठवड्यांनंतर लोक ते पाणी पीत होते, आणि मी स्वतः बघत होतो त्या गावांत पहिल्या दिवसापासून पूर्ण प्रमाण पडत होतं आणि बायका दुसऱ्या दिवसापासून ओढ्यावर जात होत्या.

धरणाच्या वरच्या अंगाला, एसटी जिथे परत फिरते तिथून दीड तास चढून गेलं की एक कातकरी वाडी लागायची. वीस-बावीस झोपड्या. विहीर नाही, आड नाही. खडकाच्या कपारीतून एक झरा यायचा, उन्हाळ्यात बोटाएवढ्या धारेचा. त्याच्याखाली गुडघाभर खोल खळगा. साऱ्या वाडीचं पिण्याचं पाणी तेवढंच. खळग्यातल्या दगडांखाली खेकडे असायचे. कातकरी खेकडे खातात, आवडीने खातात, पण या खळग्यातल्या खेकड्यांना कोणी बोट लावत नसे. खेकडा झऱ्याचा डोळा उघडतो, तो गेला की डोळा मिटतो, असं ती माणसं मानत.

पहिल्यांदा मी त्याच्याबरोबर तिथे गेलो तो दिवस मला नीट आठवतो. त्याने तिथे एक भानगड करून ठेवली होती. पौडच्या कुंभाराकडून एक मोठा रांजण स्वतःच्या खांद्यावरून तिथवर नेला होता, आणि झऱ्यापासून रांजणापर्यंत बांबूची पन्हळ लावली होती. पावडर तो झऱ्यात टाकतच नव्हता. बादलीत कालवायचा, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी भरलेल्या रांजणात ओतायचा.

“झऱ्यात का टाकत नाही?” मी विचारलं.

“झरा कुटं आजारी हाय, साहेब? भरल्यालं पानी आजारी पडतं. त्येला औषिद.”

सरकारी तक्त्यात तीन रकाने होते, विहीर, आड आणि तळं. रांजणाला रकाना नव्हता. मी ते टिपून ठेवलं.

निवळी ओतल्यावर अर्धा तास थांबावं लागतं, तेवढ्या वेळात औषध मुरतं, हे माझ्या पुस्तकात होतं. हंडे घेऊन आलेल्या बायकांना अर्धा तास बसवायचं कसं, हे पुस्तकात नव्हतं. तो गोष्ट सांगायचा. एका राजाची सात विहिरींची काहीतरी गोष्ट होती, तिला ना शेंडा ना बुडखा. राजा दर खेपेला नव्या विहिरीत उतरायचा आणि वर यायच्या आत गोष्ट थांबायची. बायका पदर तोंडाला लावून ऐकायच्या. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. माझ्याकडे होतं, म्हणून मी वेळ लावली. एकतीस मिनिटं. दुसऱ्या खेपेला तीस. एवढा राग मला त्याच्या कुठल्याच गोष्टीचा आला नसेल.

गोष्ट संपली की तो गडू रांजणात बुडवायचा आणि पहिला घोट स्वतः घ्यायचा. सगळ्यांच्या देखत, घटाघटा. मग वाडीची कारभारीण, ठमी नावाची एक सावळी, काटक, पन्नाशीची बाई, आपला हंडा पुढे करायची आणि तिच्यामागून बाकीच्या. मी जरा बाजूला एका दगडावर बसलेलो. चढून चढून घशाला कोरड पडलेली. खांद्याला माझी पाण्याची बाटली होती, जुन्या बाजारातून घेतलेली, लष्करी, चामड्याच्या पट्ट्याची. तिच्यातलं घरचं पाणी प्यालो. माझ्यापुढे कोणी भांडं केलं नाही. मला तेव्हा वाटलं, ही माणसं मला मानत नाहीत. दुसरं काही सुचलंच नाही.

मग पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. मी आठ दिवस जागून नकाशे काढले होते, गाववार तक्ते केले होते, लाल-निळ्या शाईत. साहेबांनी ते चाळले, छान म्हणाले आणि विचारलं, “तो पाणी चाखणारा माणूस कुठे आहे?” त्याच्याबरोबर ते थेट वाडीवर गेले. बूट काढून, खाली बसून, त्यांनी ती सात विहिरींची गोष्ट ऐकली आणि त्याच्या गडूतून पाणी प्याले. परत येताना जीपमध्ये मला म्हणाले, “असा माणूस प्रत्येक तालुक्यात हवा.” मी हो म्हणालो. माझे नकाशे माझ्या मांडीवर होते.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. सदर इसम पावडरीचं प्रमाण निम्म्यावर आणतो, तक्त्यात नसलेल्या भांड्यांचा वापर करतो, कामाच्या वेळेत गोष्टी सांगत बसतो. सगळं खरं. पाकीट चिकटवलं आणि पुण्याच्या टपालात टाकलं. पुण्याला टपाल घेऊन दर शनिवारी तोच जायचा. त्यानेच ते पाकीट पिशवीत घातलं, पिशवी काखेत मारली आणि मला म्हणाला, “काय आनायचं का साहेब पुन्यातनं?” मी म्हणालो, शाई आणा. त्याने आणली.

महिन्याभरात त्याची बदली झाली, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात. जायच्या दिवशी पौडच्या स्टँडवर इतकी माणसं जमली की ड्रायव्हरने गाडी दहा मिनिटं उशिरा सोडली. वाडीवरच्या बायका करवंदं घेऊन आल्या होत्या. मी गेलो नाही. कचेरीच्या खिडकीतून दिसत होतं तेवढं पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात मी वाडीवर गेलो. चैत्र संपत आलेला, झऱ्याची धार आणखी बारीक झालेली. आता इथे सगळं नियमाप्रमाणे होणार होतं. मी विचार केला, उगमालाच औषध दिलं की वरपासून खालपर्यंत सगळं पाणी शुद्ध. रांजण हवा कशाला, पन्हळ हवी कशाला, आणि अर्धा तास गोष्ट तरी हवी कशाला? तक्त्यात झऱ्याला रकाना नव्हता म्हणून झरा मी ‘विहीर’ या रकान्यात घातला, आणि विहिरीला जेवढी पावडर सांगितली होती तेवढी सगळी त्या गुडघाभर खळग्यात रिकामी केली. बायकांना म्हणालो, “आता हे पाणी एकदम चांगलं आहे. अर्ध्या तासाने भरा.” घड्याळ दाखवलं. मग दगडावर बसून माझ्या बाटलीतलं पाणी प्यालो आणि उतरायला लागलो.

दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा झऱ्यावर कोणी नव्हतं. खळग्यात पांढरा साका बसला होता, वासाने डोळे चुरचुरत होते आणि दगडांच्या कडेला खेकडे उलटे पडले होते. मी मोजले नाहीत. एक लहानसा होता, चिंचोक्याएवढा. तो तेवढा लक्षात राहिला.

वाडी झरा सोडून गेली होती. धरणाचं पाणी आटत मागे सरकलं होतं, त्याच्या काठच्या गाळातली डबकी, तिथून बायका हंडे भरत होत्या. पाऊण तास उतरून, पुन्हा चढून. मी तिथे जाऊन समजावलं, रागावलो, पुस्तक उघडून दाखवलं. कोणी वाद घातला नाही. माझं बोलणं संपेपर्यंत त्या थांबायच्या आणि मग हंडा बुडवायच्या. आठ दिवसांत वाडीत जुलाब सुरू झाले. ठमीची सून सहा महिन्यांची पोटुशी होती. तिला डोलीत घालून चौघांनी खाली आणलं आणि पौडच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की, आज काही सांगता येत नाही.

दवाखान्याच्या पायरीवर ठमी बसली होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “बाई, मी सांगितलं होतं ना, झऱ्याचंच पाणी प्या. ते चांगलं होतं.”

ती माझ्याकडे पाहीना. माझ्या खांद्यावरच्या बाटलीकडे पाहत होती.

“चांगलं व्हतं, तर तुमी का न्हाई प्यालात?” ती म्हणाली. “तुमी तुमचं पानी पिता, आमी आमचं पितो.”

त्या संध्याकाळी मी त्याला पोस्टकार्ड टाकलं. चार ओळी. खेकडे मेले, वाडीने झरा सोडला, ठमीची सून आजारी आहे, काय करावं ते कळवा. ‘या’ असं लिहायचा धीर झाला नाही.

सून वाचली. पोटातलंही वाचलं. पण वाडी डबक्यावरच जात होती, आणि पुढची डोली कुणाची निघेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीने तो उतरला. हातात रॉकेलचा डबा, वरून ओलं गोणपाट बांधलेलं. मी स्टँडवर होतो, उगाच नव्हतो, तीन दिवस प्रत्येक गाडी बघत होतो. त्याने मला पाहिलं आणि डबा पुढे केला. आत काहीतरी खरखरत होतं.

“नांद्याच्या वढ्यातलं हायेत,” तो म्हणाला. “सात हायेत. माद्या बी हायेत. धरा वाईच, हात अवघडला.”

पुढच्या गाडीने आम्ही धरणापर्यंत गेलो आणि मग चढायला लागलो. डबा माझ्याकडेच राहिला. निम्म्या वाटेपर्यंत तो नव्या गावाच्या पाण्याबद्दल बोलत होता. मचूळ आहे, पण माणसं बरी आहेत. मला राहवेना. मी म्हणालो, “तुमच्या बदलीचं...”

“पत्र ना? साहेबांनी मला वाचून दावलं की.” तो थांबला, धाप टाकली. “अक्षर लई सुरेख तुमचं. पर एक चूक हाय त्येच्यात. तुमी लिवलंत, निम्मं टाकतो. निम्मं न्हाई, तिसरा हिस्सा. मी साहेबांना सांगितलं, ह्ये दुरुस्त करा.”

एवढंच. पुढे तो चढायला लागला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी गेलो असतो. तेवढंही त्याने मला मिळू दिलं नाही.

झरा एव्हाना निवळला होता. त्याने गडू भरला, घोळवला, थुंकला, पुन्हा भरला, आणि मान हलवली. दगड एकेक उचलून आम्ही दोघांनी साका काढला. वाडीतल्या बायका येऊन वरच्या अंगाला उभ्या राहिल्या होत्या. त्याने गोणपाट सोडलं आणि मला म्हणाला, “सोडा.” मला खेकडा धरता येत नाही. दोनदा चावले. वर कोणीतरी हसलं. सातही खेकडे खळग्यात गेले आणि दगडांखाली नाहीसे झाले.

मग पन्हळ पुन्हा लावली. रांजण मी बाजूला पालथा करून ठेवला होता, तो धुऊन बसवला. धार बारीक, भरायला वेळ लागला. निवळी ओतली. तिसरा हिस्सा. मी मोजली आणि मीच ओतली. बायका आपापल्या हंड्यांवर हात ठेवून बसल्या आणि त्याच्या तोंडाकडे पाहायला लागल्या, राजा आता कोणत्या विहिरीत उतरतो म्हणून.

तो कोट झटकून माझ्या त्या दगडावर बसला. “आज माझा घसा बसलाय,” तो म्हणाला. “अर्धा तास साहेब बोलतील.”

त्याचा घसा बसला नव्हता. वाटभर तो बोलत आला होता. मी बायकांसमोर उभा राहिलो. मला एकही गोष्ट येत नव्हती. शेवटी जे येत होतं ते सांगितलं. “खेकडे माझ्यामुळे मेले. पावडर जास्त झाली. आणि ह्यांची बदली मी पत्र लिहिलं म्हणून झाली. मला ह्यांचा हेवा वाटत होता.”

“ठावं हाय,” ठमी म्हणाली.

दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. माझं सांगून संपलं होतं. उरलेला वेळ मी तसाच उभा होतो, रांजणाकडे बघत. वाटत होतं, आता एकेक जण उठेल, हंडा उचलेल आणि धरणाकडची वाट धरेल. पन्हळीतून पाणी टिपकत होतं. एका बाईने लेकराला पदराखाली घेतलं. कोणी उठलं नाही. मी घड्याळात पाहिलं तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती.

त्याने गडू रांजणात बुडवला, भरला आणि स्वतः न पिता माझ्यापुढे धरला. माझ्या खांद्यावर बाटली होतीच. सवयीने हात तिच्याकडे गेलाही. मग मी तो गडू घेतला आणि प्यालो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. पाण्याला दगडाची, ओल्या पाल्याची आणि अगदी मागाहून सूनबाईची चव होती. मी गडू रिकामा केला. ठमीने हंडा पुढे सरकवला.

त्यानंतर मी दर आठवड्याला वाडीवर जात राहिलो. तीन आठवड्यांनी पूर्ण प्रमाण पडायला लागलं आणि कोणी वासाची तक्रार केली नाही. बाटली घरी ठेवून जायला मला मात्र आणखी दोन महिने लागले. तो परत कधी आला नाही. पुढे कुठेकुठे त्याचं नाव कानावर आलं, नेहमी मायेनेच घेतलेलं. तो गेल्याचं कळलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं आणि पाठोपाठ मनात आलं की, याच्या मयताला किती माणसं जमली असतील. काय करणार? माझं मन असंच आहे.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. आम्ही वाडीवरून उतरायला लागलो. तो पुढे, मी मागे. मला हलकं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा लोकांच्या देखत मी काहीतरी केलं होतं, पुस्तकात नसलेलं, माझं स्वतःचं. तेवढ्यात मागून हंडा डोईवर घेणाऱ्या ठमीचा आवाज आला. ती दुसऱ्या बाईला सांगत होती, अगदी कौतुकाने.

“ह्यो बी आता त्येच्यावानीच प्यायला लागला, बघ.”

त्याने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. तो रिकामा डबा वाजवत खाली चालला होता. मी थांबलो, मागे वळलो, हे मी त्याचं बघून केलं नाही, असं ठमीला सांगणार होतो. मग पुन्हा उतरायला लागलो. तोंडात अजून त्या पाण्याची चव होती. तेवढा एक घोट तरी माझा असायला हवा होता.